मगावरची जुनी दिल्ली: फोटोखाली साल हवेच

दिल्लीहून गावाकडे जाताना नातेवाइकांसाठी काय न्यायचे, हा आमच्या सरोजिनी नगरच्या मराठी घरांतला नेहमीचा प्रश्न. सोहन हलवा दोन दिवसांत संपतो. त्यामुळे जुन्या दिल्लीच्या रस्त्यांचे फोटो छापलेला कॉफीचा मग ही चांगली भेट आहे. रोज हातात येते, वर्षानुवर्षे टिकते. पण असा मग विकत घेताना किंवा स्वतः छापून घेताना काय पाहायचे, ते आज समजून घेऊ.

आधी फोटो मगावर चढतो कसा? या पद्धतीला सब्लिमेशन म्हणतात. खास शाईने फोटो कागदावर उलटा, म्हणजे आरशात दिसतो तसा छापतात. तो कागद मगाभोवती घट्ट गुंडाळून साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसला काही मिनिटे दाबून धरतात. कापूर जसा न वितळता उडून जातो, तशी या शाईची थेट वाफ होते आणि मगावरच्या पॉलिस्टरच्या पातळ थरात शिरते. हा थर नसेल तर शाई धरत नाही. म्हणून घरातला कोणताही पांढरा मग देऊन चालत नाही, सब्लिमेशनचाच मग मागावा लागतो. धुताना तारेची घासणी लावू नका. थर खरवडला की चित्रही गेले.

दुसरी गोष्ट फोटोच्या आकाराची. नेहमीच्या मगावर कान सोडून साधारण २० सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर उंच चित्र बसते. इंचाला ३०० ठिपके धरले, तर फोटो सुमारे २,३६० पिक्सेल रुंद हवा. व्हॉट्सॲपवर फिरत आलेला फोटो इथे बहुधा नापास होतो. काळ्या-पांढऱ्या फोटोत हिरवट किंवा लालसर झाकही येऊ शकते. तेव्हा आधी एक मग नमुन्याला काढा, वीस मगांची ऑर्डर नंतर.

तिसरी गोष्ट हक्काची. फेलिचे बिआतोने १८५८ मध्ये काढलेल्या दिल्लीच्या फोटोंसारख्या एकोणिसाव्या शतकातल्या कामावर आता कॉपीराइट उरलेला नाही. पण आजच्या छायाचित्रकाराचा फोटो त्याला विचारल्याशिवाय छापून विकता येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. फौजेत नकाशा हातात आला की आधी त्याचा समास वाचायचा: सर्वेक्षण कोणत्या सालचे, प्रमाण काय, उत्तर कुठे. साल न पाहता नकाशावर भरवसा ठेवला, तर नदीवर नसलेला पूल शोधत बसावे लागते. जुन्या फोटोचेही तसेच. खाली नुसते 'ओल्ड दिल्ली' असेल तर ते शोभेचे चित्र झाले. जागा आणि साल असेल तर तो पुरावा झाला.

साल लिहिलेले नसेल तर फोटोतच शोधा. इंडिया गेटचेच घ्या. त्याचे उद्घाटन १९३१ चे. पहिली काही वर्षे मागे छत्री नव्हती. छत्रीत पंचम जॉर्जचा पुतळा दिसला, तर फोटो १९६८ च्या आधीचा. छत्री रिकामी असेल, तर बहुधा १९६८ ते २०२२ मधला. कमानीखाली अमर जवान ज्योत असेल, तर १९७२ ते जानेवारी २०२२ या काळातला. रस्त्याचे नावही तसेच बदलत गेले: किंग्जवे, राजपथ आणि २०२२ पासून कर्तव्यपथ. मुंबईच्या फोटोत घोड्यांची ट्राम दिसली तर तो १८७४ नंतरचा. विजेची असेल तर १९०७ ते १९६४ मधला. काळा घोडा चौकात किंग एडवर्डचा पुतळा असेल, तर १९६५ च्या आधीचा.

हे सगळे आमच्या दाराशीही येऊन ठेपले आहे. सरोजिनी नगर ही सरकारी नोकरांची वसाहत, पूर्वीचे नाव विनय नगर. २०१६ साली केंद्र सरकारने सरोजिनी नगरसह दक्षिण दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. २०१८ मध्ये झाडे तोडण्यावरून लोक रस्त्यावर आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. जुन्या क्वार्टरांच्या जागी उंच इमारती आल्या, की ज्या गल्लीत पोरे क्रिकेट खेळली ती गल्ली फोटोतच उरणार.

चांदनी चौकाचे फोटो काढायला बिआतो आला होता. आपल्या गल्लीचे फोटो काढायला बाहेरून कोणी येणार नाही. ते तुमच्या कपाटातल्या अल्बममध्येच आहेत: कोणाची मुंज, कोणाची नवी स्कूटर, आणि मागे तो रस्ता. ज्यांना जागा आणि साल ठाऊक आहे अशी वडीलधारी माणसे आहेत, तोवर त्यांना विचारून फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. नंतर खुशाल मगावर छापा आणि खाली तीच ओळ येऊ द्या.