वसईच्या संताचे आज्ञापालन

वसई - जपानमधील नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ ख्रिस्ती व्यक्तींना क्रूसावर बांधून भाल्यांनी ठार मारण्यात आले. त्यांतील गोन्सालो गार्सिया हे वसईत जन्मलेले. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत म्हणून ते ओळखले जातात. देवाच्या आज्ञेत राहणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यास त्यांचे चरित्र उपयोगी पडते, कारण ते वाटते तितके सरळ नाही.

तरुणपणी ते जेझुइट धर्मगुरूंसोबत जपानला गेले. भाषा शिकले, धर्मशिक्षणाचे काम केले. त्या संघात सामील होण्याची त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. मग त्यांनी काही काळ व्यापार केला आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाचे बंधू झाले. ते धर्मगुरू कधीच नव्हते. पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम १५८७ मध्येच काढला होता. १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले, संशय वाढला आणि धरपकड झाली. या २६ जणांत परदेशी थोडे, जपानी श्रद्धावंतच अधिक होते. त्यांना क्योतोहून नागासाकीपर्यंत भर हिवाळ्यात चालवत नेण्यात आले.

येथे आज्ञापालनाच्या दोन बाजू दिसतात. संघाच्या वरिष्ठांची आज्ञा गोन्सालोंनी मानली. श्रद्धा सोडावी ही राजसत्तेची अपेक्षा मानली नाही. कॅथलिक शिकवण याच भेदावर उभी आहे. अंतःकरणाने, जिवाने व सर्व शक्तीने देवावर प्रीती करणे ही पहिली आज्ञा. माणसाचा हुकूम तिच्या आड येत असेल, तर तो बंधनकारक राहत नाही. धर्मगुरुदीक्षेच्या वेळी उमेदवार आपले जोडलेले हात बिशपांच्या हातांत देऊन आज्ञाधारकतेचे वचन देतो. ते वचनही याच मर्यादेत असते. वसईला स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला तो १९९८ मध्ये. तोवर येथील धर्मगुरूंचे हे वचन मुंबईच्या आर्चबिशपांना असे.

संतांच्या सणांविषयी इतर धर्मीयांचा अनेकदा गैरसमज होतो. मूर्ती सजते, मिरवणूक निघते, नवस बोलले जातात. मग ही संताची पूजा नव्हे काय? चर्चच्या शिकवणुकीनुसार आराधना फक्त देवाची. संताला सन्मान द्यायचा व देवाकडे आपल्यासाठी रदबदली करण्याची विनंती करायची. व्यवहारात ही रेषा पुसट होते, हे मान्यच करावे लागेल. आराधनेचे केंद्र मिस्सा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२ ते १९६५) ती लॅटिनमध्ये होत असे. नंतर ती मराठीत आली आणि वसईच्या शेतकरी-कोळी कुटुंबांना आपण काय म्हणतो आहोत, ते प्रथमच शब्दशः कळू लागले. मनःपूर्वक उपासनेच्या दृष्टीने हा बदल कोणत्याही उपदेशापेक्षा मोठा होता.

गोन्सालो गार्सिया व सहकाऱ्यांना १६२७ मध्ये धन्यवादित, तर ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत घोषित केले. भारतीय भूमीतील पुढच्या संत, केरळच्या सिस्टर अल्फोन्सा, यांच्यासाठी २००८ साल उजाडावे लागले. हुतात्म्यांचे बलिदान ५ फेब्रुवारीचे असले, तरी तो दिवस संत आगाथा हिचा असल्याने रोमन पंचांगात त्यांचे स्मरण ६ फेब्रुवारीला केले जाते.