गिरणगांवच्या जमिनीची वांटणी

भोंग्याबरोबर उठावें आणि भोंग्याबरोबर कामाला लागावें, असा परळ-लालबागचा दिनक्रम कित्येक पिढ्या चालला होता. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंतील पहिल्या सूतगिरणीची कंपनी स्थापन केली व १८५६ मध्यें ताडदेव येथें ती गिरणी चालू झाली. पुढें भायखळ्यापासून वरळीपर्यंत गिरण्यांची दाटी झाली. कोंकणांतून व देशावरून आलेलीं माणसें आसपासच्या चाळींतून राहूं लागलीं आणि त्या वस्तीस गिरणगांव हें नांव पडलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर असा कधींच मागें घेतला गेला नाहीं. कित्येक गिरण्या मात्र कायमच्या बंद पडल्या.

यंत्रें थांबलीं, तरी जमीन होती तेथेंच होती. ५८ गिरण्यांचीं आवारें मिळून ही जमीन सुमारें ६०० एकर भरत होती. तीन बाजूंनीं समुद्रानें वेढलेल्या शहरांत, पश्चिम व मध्य अशा दोन्ही रेल्वेमार्गांना लागून, इतकी जागा एकदम मोकळी व्हावी हा योग दुर्मिळच म्हणावयाचा. कोटांतील कचेऱ्यांना विस्तारास वाव नव्हता. बागा, शाळा, परवडणारीं घरें यांची वाण तर साऱ्याच शहरास होती. या एका जमिनीवर हे सर्व साधतां आलें असतें.

अडचण होती ती हक्काची. मालकाच्या डोक्यावर बँकांचें कर्ज व कामगारांचीं देणीं होतीं, आणि तीं फेडण्यास जमिनीवांचून दुसरें साधन नव्हतें. कामगारांचें म्हणणें असें कीं, गिरणी आपल्या घामावर उभी राहिली, तेव्हां निदान राहण्यापुरती जागा आपणांस मिळावी. तिसरा हक्कदार म्हणजे शहर.

या तिघांचा मेळ घालण्यासाठीं १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींत ५८ वा नियम घालण्यांत आला. त्याचें तात्पर्य असें कीं, गिरणीची जमीन नव्या कामास लावावयाची झाल्यास तिचा साधारण एक-तृतीयांश भाग उद्यानें व मैदानें यांकरितां महापालिकेस, एक-तृतीयांश सार्वजनिक घरांकरितां म्हाडास द्यावा आणि उरलेल्या तृतीयांशावर मालकानें बांधकाम करावें. योजना न्याय्य होती; पण तींत एक पळवाट राहिली. जुनी इमारत न पाडतां आंतून बदलून घेतली, तर वांटा देण्याचें कारण पडत नसे. त्यामुळें जेथें माग खडखडत होते, तेथें दुकानें, कचेऱ्या व उपाहारगृहें आलीं. वांटणीसाठीं पुढें येणारे मालक थोडेच निघाले. १९९६ सालीं वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीनें राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा विचार करून, या जमिनींची आंखणी सुटी सुटी न करतां एकत्र करावी, असें सुचविलें. तसें घडलें नाहीं.

२००१ सालीं नियम बदलला. वांटणी सगळ्या जमिनीची न करतां, जिच्यावर बांधकाम नव्हतें तेवढ्याच जमिनीची करावयाची, असें ठरलें. दिसावयास हा शब्दांचाच फरक; परंतु त्याचा परिणाम हिशेबानें पाहावा. समजा, एका गिरणीची जमीन नऊ एकर आहे आणि तींतील सात एकरांवर इमारती आहेत. सगळी जमीन वांटली, तर उद्यानास तीन एकर व घरांस तीन एकर मिळतात. मोकळीच जमीन वांटली, तर दोन एकरांचा तिसरा हिस्सा, म्हणजे प्रत्येकीं पाऊण एकरहि पदरांत पडत नाहीं! गिरणी म्हटली कीं तिचें बहुतेक आवार इमारतींनीं व्यापलेलें असावयाचें. म्हणून तोटा शहराचा झाला. या बदलाविरुद्ध नागरिकांची एक संस्था न्यायालयांत गेली. ऑक्टोबर २००५ मध्यें उच्च न्यायालयाचा निकाल तिच्या बाजूनें लागला; परंतु ७ मार्च २००६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरवून २००१ चा बदल ग्राह्य ठरविला. दरम्यान २००५ सालींच महामंडळाच्या पांच गिरण्यांचा लिलांव होऊन सुमारें दोन हजार कोटि रुपये आले होते.

या पुनर्विकासानें कांहींच लाभ झाला नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. ओस पडलेल्या आवारांत व्यापार आला आणि हजारों तरुणांना रोजगार मिळाला. मात्र प्रत्येक गिरणीचें कुंपण जसें होतें तसेंच राहिलें. इमारती उंच झाल्या, पण रस्ते व पूल त्या मानानें रुंदावले नाहींत. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें दगावलीं. त्याच वर्षीं २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारांतील उपाहारगृहांना लागलेल्या आगींत १४ जणांचे प्राण गेले. आणि कामगारांच्या घरांविषयीं म्हणाल, तर २०१२ च्या जून महिन्यांत म्हाडानें पहिली सोडत काढली, तेव्हां घरें ६,९२५ होतीं व अर्ज सुमारें दीड लाख. संपांत उतरलेला पंचविशीचा तरुण त्या वेळीं पंचावन्न वर्षांचा झाला होता.

नागपुरास एम्प्रेस मिलच्या जागीं बाजारपेठ उभी राहिली आहे. अन्य शहरांतूनहि जुन्या कारखान्यांच्या जागा अशाच मोकळ्या होत आहेत. त्या शहरांनीं मुंबईपासून घ्यावयाचा धडा सोपा आहे. बंद कारखान्याच्या जमिनीला भाव चढण्यापूर्वींच शहराचा व कामगारांचा वांटा मोजून, नकाशावर रेघ ओढून निश्चित केला पाहिजे. इमारत चुकली तर पाडून पुन्हां बांधतां येते. हातची गेलेली मोकळी जागा मात्र कोणत्याहि किमतीला परत मिळत नाहीं.