सोनिवली उलटी लिहा!

एक सोपा प्रश्न विचारू का? 'सोनिवली' या शब्दात अक्षरे किती? सो, नि, व, ली, म्हणजे चार. पहिलीतले मूलही हेच उत्तर देईल. पण हाच प्रश्न संगणकाला विचारा. तो म्हणेल, सात! मग चुकले कोण?

समजा, बदलापूरजवळच्या या सोनिवलीतली एक मुलगी शिक्षण संपवून नोकरीच्या मुलाखतीला निघाली आहे. काम आहे वेबपाने तयार करण्याचे. लोकलमध्ये बसल्या बसल्या ती पाठ केलेली उत्तरे मनात घोळवते आहे. तिला कोणते प्रश्न विचारले जातील, आणि पाठांतर तिला किती उपयोगी पडेल? तुमच्यापैकी काहीजण उद्या याच वाटेने जाणार आहेत. म्हणून आजच थोडी तयारी करू या.

वेबपानाचे तीन भाग असतात. एच.टी.एम.एल. हा त्याचा सांगाडा, सी.एस.एस. हा त्याचा पोशाख आणि जावास्क्रिप्ट ही त्याची हालचाल. बटण दाबताच बेरीज होते, चुकीचा पिनकोड भरला की सूचना येते. ही सारी कामे बहुधा जावास्क्रिप्टच्या आज्ञावलीची. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत मे १९९५ मध्ये या भाषेचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत तयार केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. पुढे १९९७ मध्ये भाषेचे नियम प्रमाणित झाले, तरी घाईतल्या जन्माच्या काही खुणा तिच्या अंगावर आजही आहेत. मुलाखत घेणारे नेमके त्यांवरच बोट ठेवतात.

उदाहरणार्थ, अवतरणचिन्हांत लिहिलेला '५' आणि साधी संख्या ३ यांची बेरीज किती? जावास्क्रिप्ट म्हणते, '५३'. वजाबाकी केली तर मात्र २! असे का? अवतरणचिन्हांत जे असते ते संख्या नसून मजकूर असते. बेरजेच्या चिन्हाला या भाषेत दोन कामे आहेत: संख्यांची बेरीज करणे आणि मजकूर जोडणे. एका बाजूला मजकूर दिसला की ते जोडणीचे काम पत्करते. वजाबाकीच्या चिन्हाला दुसरे काम नाही. म्हणून मजकुराचीच संख्या केली जाते. (हा प्रयोग इंग्रजी अंकांत करा. मजकुरातला देवनागरी '५' ही भाषा संख्या म्हणून ओळखत नाही.)

आता मुलाखतीतला एक नेहमीचा प्रश्न: दिलेला शब्द उलटा करून दाखवा. पाठ केलेले उत्तर तयारच असते. शब्दाचे तुकडे करा, त्यांचा क्रम उलटा करा आणि पुन्हा जोडा. इंग्रजी शब्दावर हे उत्तर झकास चालते. पण परीक्षकांनी 'सोनिवली' हा शब्द दिला तर? आपल्याला हवे 'लीवनिसो'. हाती येते 'ीलविनोस'! सुरुवातीची वेलांटी बिचारी निराधार, 'न'ची वेलांटी 'व'ला चिकटलेली आणि 'स'चा ओकार 'न'ने पळवलेला.

याचे कारण युनिकोड या संकेतप्रणालीत आहे. तिच्यात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला असतो. 'स'चा क्रमांक २३६०, ओकाराचा २३७९, 'न'चा २३४४ आणि ऱ्हस्व वेलांटीचा २३६७. म्हणजे 'सो' हे आपल्याला एक अक्षर असले, तरी संगणकाजवळ ती दोन चिन्हे आहेत. वेलांटी 'न'च्या डावीकडे दिसते खरी. पण साठवताना उच्चाराप्रमाणे 'न' आधी आणि वेलांटी नंतर. आता मोजा पाहू: स, ओकार, न, वेलांटी, व, ल, दीर्घ वेलांटी. झाली ना सात?

तेव्हा चुकले कोणीच नाही. आपण अक्षरे मोजली, यंत्राने चिन्हे मोजली. मात्र हा फरक ज्याला ठाऊक नाही, त्याने लिहिलेल्या आज्ञावलीत मराठी माणसाचे नाव अर्धवट तुटू शकते. म्हणून या प्रश्नाला केवळ नोकरीपुरते महत्त्व नाही.

मग उपाय काय? शब्दाचे आधी अक्षरांत तुकडे करायचे आणि मग ती अक्षरे उलटी मांडायची. यासाठी जावास्क्रिप्टमध्ये 'इंटल.सेग्मेंटर' नावाचे साधन आहे. पण जोडाक्षरांपाशी तेही जपून वापरावे लागते. हलन्तापाशी जोडाक्षर तोडू नये, हा देवनागरीला लागू होणारा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली आला. जुन्या ब्राउझरमध्ये तो नसतो.

आता आपल्या त्या मुलीकडे वळू. तिने तयारी कशी करावी? संगणकावरच्या बहुतेक ब्राउझरमध्ये एफ-१२ ही कळ दाबली की 'कन्सोल' उघडता येतो. तिथे एकेक ओळ लिहावी. पण चालवण्यापूर्वी उत्तर काय येईल ते वहीत लिहून ठेवावे. अंदाज चुकला की थांबावे आणि कारण शोधावे. चुकलेला अंदाज हाच खरा शिक्षक. मुलाखतीत अडले तर 'ठाऊक नाही' म्हणून गप्प बसू नये. 'ठाऊक नाही, पण मी असे तपासून पाहीन' असे सांगून विचार मोठ्याने मांडावा. पाठांतर पहिल्या वळणावर संपते. समज पुढच्या प्रश्नापर्यंत सोबत येते.

जाता जाता तुमच्यासाठी एक प्रयोग. 'उल्हासनगर' या शब्दात संगणक चिन्हे किती मोजेल? आधी वहीत मांडा. (उत्तर ९ आले पाहिजे. हलन्त विसरलात का?) मग त्याच शब्दाचे सेग्मेंटरने तुकडे करा. तुमच्या शाळेच्या संगणकावर ६ येतात की ७? आणि का? शिक्षकांना सांगण्यापूर्वी स्वतःच कारण शोधा पाहू!