तिसऱ्या चलाची जागा

महाबळेश्वर, पाचगणी, वाई. तिन्ही गावं एकाच रस्त्यावरची. पहिली दोन १,३०० ते १,४०० मीटर उंचीच्या आसपास. तरी महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि वीसेक किलोमीटर पूर्वेला पाचगणीत त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. वाईत तर हजारसुद्धा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी भूगोलाच्या तासासाठी मी स्प्रेडशीटमध्ये तीन कॉलम भरले: उंची, घाटमाथ्यापासूनचं अंतर, पाऊस. उंची आणि पाऊस यांचाच आलेख काढला, तर महाबळेश्वर आणि पाचगणीचे ठिपके जवळपास एकाखाली एक आले. पाऊस एवढा का घटला, याचं उत्तर अंतराच्या कॉलममध्ये होतं, आणि कागदाचे दोन्ही अक्ष आधीच भरले होते.

ही अडचण संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. १७०१ साली एडमंड हॅली यांनी अटलांटिक महासागराचा नकाशा छापला. तिथे दोन्ही दिशा अक्षांश-रेखांशांनी अडवलेल्या. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, हे कुठे दाखवायचं? हॅलींनी सारख्या ढळीची ठिकाणं वक्ररेषांनी जोडली. आपल्या नकाशांतल्या समोच्च आणि समपर्जन्य रेषा त्याच घराण्यातल्या. विल्यम प्लेफेअर यांनी १८०१ मध्ये वेगळी वाट काढली: देशाचं क्षेत्रफळ वर्तुळाच्या आकाराने, डावीकडच्या उभ्या रेघेने लोकसंख्या, उजवीकडच्या रेघेने करवसुली. एका नजरेत तिन्ही. मला हे आजही थोर वाटतं.

आता स्प्रेडशीटकडे येऊ. १९७९ चं व्हिजिकॅल्क आकडेमोडीसाठी होतं. १९८३ मध्ये लोटस १-२-३ ने हिशेब आणि आलेख एकत्र आणले. पुढे त्रिमितीचा सोस आला. खोली दिलेल्या स्तंभांमागे दुसरे स्तंभ दडू लागले, उंची नेमकी कुठल्या रेघेशी जुळवायची तेच कळेना. खोली दिसायची, पण ती बहुतेकदा कुठल्याच आकड्याची नसायची. खोलीला खरंच आकडा देणाऱ्या सरफेस चार्टला तीन सरळ कॉलम चालत नाहीत. त्याला जाळी लागते: एक चल ओळींत, दुसरं कॉलममध्ये, तिसरं आतल्या सेलमध्ये. शिवाय कडेचे आकडे तो नावांसारखे ओळीने मांडतो. ५, १० आणि ५० किलोमीटर त्याच्या लेखी सारख्याच अंतरावर. पावसासारख्या विषयात हे घातकच.

एक्सेल ९७ मध्ये बबल चार्ट आला, तेव्हा प्लेफेअर यांचं वर्तुळ परत आलं असं मी म्हणेन. २००६ साली हान्स रोसलिंग यांनी व्यासपीठावर देशांचे बुडबुडे हलवून दाखवले: आडवं एक माप, उभं दुसरं, आकार लोकसंख्येचा. सांख्यिकीला कंटाळणारी माणसंही बघत राहिली.

बुडबुड्याचं माप मात्र क्षेत्रफळावर ठेवायचं, रुंदीवर नाही. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं, आणि डोळा फसतो.

तेच तीन कॉलम मी पुन्हा मांडले. आडवं अंतर, उभा पाऊस, उंचीचा बुडबुडा. महाबळेश्वर आणि पाचगणीचे बुडबुडे जवळजवळ सारखेच, एक वर, दुसरा उजवीकडे खाली. वाईचा त्यांच्या निम्म्या आकाराचा आणि आणखी खाली. पर्जन्यछायेची व्याख्या त्या तासाला फळ्यावर लिहावी लागली नाही.