दुरुस्त शेगड्याचे मोल

जुन्या अडकित्त्याला संग्रहालयात जागा मिळते. जुन्या शेगड्याच्या वाट्याला मात्र भंगारवाल्याचा काटा येतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, कुलपे आदराने मांडलेली आहेत, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या बाकावर उभे राहून, ज्या शेगड्यात धरून कारागिरांच्या पिढ्यांनी लोखंड कानशीने घासले, त्या बाकाचे आणि शेगड्याचे मोल कसे ठरवावयाचे, हे फारसे कोणी विचारीत नाही. त्यातून तो शेगडा, म्हणजे कारखान्यातला व्हाइस, एकदा मोडून पुन्हा सांधलेला असला, तर बोलावयासच नको.

अहिल्यानगर जिल्ह्याने तरी हा प्रश्न विचारावयास हवा. २०२४ पर्यंत शासनदरबारी अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरात अमेरिकन मराठी मिशनने सर दिनशा पेटिट यांच्या नावाची औद्योगिक कलांची शाळा चालविली. तेथे मुलांना सुतारकाम व धातुकाम शिकविले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी डी. सी. चर्चिल या अमेरिकन अभियंत्याने याच नगरात हातमाग सुधारण्याचा उद्योग केला. पुढे १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९७२ मध्ये नगरची लूना रस्त्यावर आली. या शहरात रणगाड्यांचेही संग्रहालय आहे. रणगाडा जपणाऱ्या गावाला शेगड्याचे वावडे असण्याचे कारण नाही.

आता मोल कोणते? पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्याने साधारणत: शंभर वर्षांची अट घातलेली आहे. संग्राहकाला वस्तू मूळ रूपात हवी असते. सांधा दिसला की तो किंमत पाडतो. भंगारवाला तर किलोवर बोलतो. दोघेही आपापल्या जागी खोटे नाहीत. परंतु शेगड्याचे काम घट्ट धरण्याचे आहे, आणि तो अजून धरतो की नाही, हे या दोघांपैकी कोणीच पाहत नाही.

ते पाहणे अवघड नाही. जबडे मिटून त्यांच्या दोन्ही टोकांना कागदाच्या पट्ट्या अडकवाव्यात. एक घट्ट बसली आणि दुसरी सुटून आली, तर तोंड वाकडे झाले आहे. सरकता जबडा बाहेर काढून वर उचलून पाहावा; थोडी हालचाल वयाला शोभते, फार असेल तर झीज खोलवर गेलेली असते. दांडा फिरवून स्क्रूचे आटे कितपत खाल्ले गेले आहेत ते जोखावे. जबड्यांवरच्या पोलादी पट्ट्या नव्या असतील तर नाक मुरडू नये. त्या बदलण्यासाठीच स्क्रूने बसविलेल्या असतात. ताज्या, जाड रंगाचा मात्र संशय घ्यावा. रंगाखाली भेग दडते. हातोडीने हलके ठोकले असता अखंड बीड खणखणते, तडकलेले बद्द वाजते.

खरी परीक्षा सांध्याची. बिडात कार्बन साधारण तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पोलादापेक्षा पुष्कळ जास्त. त्यामुळे ते ठिसूळ असते. साध्या कांडीने घाईघाईत वेल्डिंग केले, की सांध्याच्या कडेचे बीड झटकन निवून काचेसारखे कडक होते आणि जुन्या भेगेशेजारी नवी भेग पडते. जाणता कारागीर तो भाग आधी सावकाश तापवितो, निकेलच्या कांडीने थोडाथोडा टाका घालतो, किंवा बीड न वितळविता पितळेने झाळतो. नंतर तो राखेत पुरून हळूहळू निवू देतो. बिडाच्या अंगावर दिसणारी ती पिवळी रेघ संग्राहकाला डाग वाटते. वस्तुत: ती एका माणसाच्या विद्येची खूण आहे, आणि ही विद्या कोणत्याही यादीत नोंदली जात नाही.

बाकाचेही तसेच. वरची फळी बदललेली असली तरी बिघडत नाही. ती झिजण्यासाठीच असते. पाय व सांधे मूळचे आणि घट्ट असले, कानस चालविताना बाक डुलत नसला, म्हणजे पुरे. तुळतुळीत पॉलिश केलेला बाक दिवाणखान्यात शोभेल, पण त्यावर छिन्नी चालविण्याचा धीर कोणाला होणार?

शाळांच्या कार्यशाळांतून हा प्रश्न कागदावर येतो. जडवस्तू संग्रह नोंदवहीत शेगडा खरेदीच्या किमतीने चढतो आणि निर्लेखनाच्या ठरावाने उतरतो. मधल्या काळात कोणी तो झाळला, कोणी त्याला नवे आटे पाडले, याचा मागमूस राहत नाही. खंडेनवमीला ज्याची पूजा झाली, तोच पुढे वजनावर लिलावात निघतो, आणि त्याच्या जागी घेतलेला स्वस्त शेगडा पहिल्याच जोराच्या कामाला पाठ दाखवितो. निर्लेखनाच्या सभेपूर्वी एखाद्या अनुभवी फिटरला बोलावून कागदाच्या दोन पट्ट्या अन् एक हातोडी त्याच्या हाती दिली, तर शेगडा ठेवावा की मोडीत काढावा, हे तो दहा मिनिटांत सांगेल.