उरलेल्या भाताचा प्रश्न

वृद्धाश्रमाच्या मुदपाकखान्यात चकचकीत ओटा, लख्ख घासलेली पातेली आणि वाफाळते वरण पाहून देणगीदार समाधानाने परततात. परंतु तेथील व्यवस्थेची खरी परीक्षा पंगत उठल्यावर, उरलेल्या अन्नाचे काय होते यावरूनच करावयास हवी.

रात्रीचा भात सकाळी फोडणीत चांगला परतला की निर्दोष होतो, ही समजूत आपल्या घराघरांत दृढमूल आहे. वस्तुस्थिती अशी की, बॅसिलस सेरियस नामक जंतूचे बीजाणू तांदळाबरोबरच पातेल्यात येतात, उकळीतही टिकून राहतात आणि भात रात्रभर ओट्यावर झाकून ठेवला म्हणजे त्या कोमट ओलाव्यात वाढीस लागतात. त्यांतील काही प्रकार जे वांतिकारक विष निर्माण करतात, ते पुन्हा कितीही तापविले तरी नष्ट होत नाही. मटणाच्या रश्शाचे वा दाट आमटीचे मोठे पातेलेही मध्यभागी तासन्‌तास कोमट राहते. म्हणून उरलेले अन्न पसरट, उथळ भांड्यांत काढून दोन तासांत ६० अंशांवरून २१ अंशांपर्यंत आणि पुढील चार तासांत ५ अंशांपर्यंत निववावे. अर्थात फ्रिज म्हणजे अभयदान नव्हे. लिस्टेरिया नावाचा जंतू तेथील थंडीतही सावकाश वाढतो. वासावरून पारख करण्याची रीत तर सर्वस्वी भ्रामक होय, कारण विषारी झालेल्या अन्नाला दुर्गंध येतोच असे नाही.

“आम्ही शिळेपाके खाऊनच वाढलो,” असे आजी-आजोबा अभिमानाने सांगतात, आणि ते खोटेही नसते. परंतु उतारवयात रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते, पुष्कळांच्या नित्याच्या गोळ्यांनी जठरातील आम्ल कमी झालेले असते, आणि तरुणाला दोन दिवस हैराण करणारे जुलाब वृद्धाच्या शरीरातील पाणी हरपून त्याच्या मूत्रपिंडांवर, प्रसंगी प्राणांवरच बेततात.

धर्मादाय संस्थेला अन्नविषयक कायदा लागू नाही, हाही असाच एक गैरसमज. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमातील अन्नव्यवसायाच्या व्याख्येत नफा कमावणारे आणि न कमावणारे असा भेद नाही.

स्वयंपाक्यांना हात धुण्याची ताकीद भिंतीवर सर्वत्र लावलेली आढळते, आणि ती योग्यच आहे. पण जुलाब होत असलेला आचारी रोजंदारी बुडेल या भयाने आजार लपवून चुलीपाशी उभा राहत असेल, तर त्या ताकिदीचा उपयोग काय? जुलाब-उलट्या थांबल्यानंतर पुरते ४८ तास त्याने अन्नाला हात लावू नये, आणि त्या दिवसांचा पगार संस्थेने विनातक्रार द्यावा.