गोळीचा वेग मोजताना आधी यंत्र तपासा

सेकंदाला ८५० मीटर वेगाने निघालेली रायफलची गोळी ६० सेंटिमीटर अंतर सुमारे ७०० मायक्रोसेकंदांत पार करते. क्रोनोग्राफ या वेगमापक यंत्राला तेवढ्या वेळातच आपले काम उरकायचे असते. पहिल्या सेन्सरवरून गोळी गेली की घड्याळ सुरू होते, दुसऱ्यावरून गेली की थांबते आणि अंतराला वेळेने भागून वेग मिळतो. गणित शाळकरी आहे. तरीही एकाच डब्यातल्या काडतुसांचे आकडे कधी ८५०, कधी ८३० आणि मध्येच ३६० असे येऊ शकतात. दोष काडतुसांत की मापनात, हा प्रश्न तिथे उभा राहतो.

अमेरिका आणि कॅनडात अनेक नेमबाज व शिकारी स्वतःची काडतुसे स्वतः भरतात. वापरलेले पितळी कवच, नवा प्रायमर, तोलून घेतलेली पावडर आणि गोळी एवढे त्यांचे साहित्य असते. (भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही.) रायफलच्या चेंबरमधला दाब क्षणभर वातावरणाच्या चार हजार पट होतो, पण तो मोजण्याचे साधन सहसा या हौशी मंडळींकडे नसते. दाबाचा अंदाज ते बऱ्याच अंशी वेगावरून बांधतात. म्हणून वेगाचा आकडा खोटा असेल, तर तो नुसता गैरसोयीचा राहत नाही, धोक्याचा ठरतो.

लंबकापासून रडारपर्यंत

गोळीचा वेग मोजण्याचे पहिले भरवशाचे साधन इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये आपल्या तोफशास्त्रावरील ग्रंथात मांडले. टांगलेल्या जड लंबकात गोळी घुसवायची, लंबक किती झुलला ते पाहायचे आणि संवेग अक्षय्यतेच्या नियमाने वेग काढायचा. या प्रयोगांतून गोळीला होणारा हवेचा विरोध तेव्हाच्या समजुतीपेक्षा कितीतरी मोठा असल्याचे दिसले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने रॉबिन्सला भारतात नेमले आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे त्याचे निधन झाले.

१८६०च्या दशकात बेल्जियन तोफखान्यातील अधिकारी ल बुलांझे याने दोन तारांच्या पडद्यांची युक्ती केली. पहिली तार तुटली की विद्युतचुंबकाला चिकटलेली कांडी खाली पडू लागे. दुसरी तार तुटली की सुटणारे वजन एका सुरीला मोकळे करी आणि पडत्या कांडीवर खूण उमटे. खुणेच्या उंचीवरून वेळ कळे. आजच्या क्रोनोग्राफमध्ये तारांची जागा प्रकाश सेन्सरांनी घेतली आहे, तत्त्व मात्र तेच राहिले.

चूक कुठून शिरते?

प्रकाश सेन्सर आकाशाच्या उजेडात गोळीची सावली पाहतो. पातळ ढगांचा सारखा उजेड त्याला सर्वांत मानवतो. सूर्य कलला की किरण गोळीच्या बुडाला लागतात, सावली फिकी पडते आणि दोन सेन्सर गोळीची वेगवेगळी जागा टिपतात. पहिल्याने टोक टिपले आणि दुसऱ्याने त्यामागचा १० मिलिमीटरवरचा भाग, तर ६० सेंटिमीटरच्या मापात वेग सुमारे १४ मीटरने कमी दिसतो. गोळी आणि पावडर दोन्ही निर्दोष असतात. कडक उन्हात सेन्सरांवर बसवायचे पांढरे प्रकाश-विसारक याचसाठी असतात. बंदिस्त रेंजमध्ये विजेचे दिवे अडचण करतात. ५० हर्ट्झच्या विजेवर साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि सेन्सरला ती लुकलुकसुद्धा सावलीसारखी भासू शकते.

दुसरे कारण नळीच्या तोंडाशी आहे. गोळीमागून उसळणारे वायू, न जळलेले कण आणि स्फोटाची लहर सेन्सरला आधीच जागे करतात. ८५०ची अपेक्षा असताना साडेतीनशेच्या आसपास आकडा दिसला, तर यंत्राने बहुधा स्फोटाचा आवाज मोजला आहे. २० अंश तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. उपाय सोपा आहे: यंत्र नळीपासून तीन ते साडेचार मीटर पुढे ठेवायचे. एवढ्या अंतरात गोळी सेकंदाला दोन-तीन मीटर वेग गमावते, म्हणून नळीच्या तोंडाशी वेग किती होता ते सांगताना तेवढी भर घालावी लागते.

तिसरे कारण भूमितीचे. सेन्सरांतले अंतर ६०० मिलिमीटरऐवजी ६०३ झाले, की अर्ध्या टक्क्याची चूक होते. गोळी यंत्राशी ५ अंशांचा कोन करून गेली, तर वेग सुमारे ३ मीटरने कमी दिसतो. अशी चूक दर वेळी त्याच दिशेने होते. आकडे एकमेकांशी छान जुळतात आणि सगळे सारखेच चुकीचे असतात.

नवी यंत्रे वेगळ्या वाटेने जातात. डॉपलर रडार परतलेल्या लहरींच्या बदललेल्या आवर्ततेवरून वेग काढते. २४ गिगाहर्ट्झच्या रडारसाठी ८५० मीटर वेगाला हा बदल सुमारे १३६ किलोहर्ट्झ भरतो. उजेडाशी त्याचा संबंध नाही, पण दिशा चुकली किंवा शेजारच्या नेमबाजाची गोळी टिपली गेली तर तेही फसते. नळीला बांधायचे चुंबकीय यंत्र वेग नीट देते, मात्र त्याच्या वजनाने नळीचे कंपन बदलते. म्हणून त्याच गोळ्यांवर नेम तपासू नये.

पाच गोळ्यांचा मोह

पाच गोळ्या झाडून वेगाचे प्रमाण विचलन ५ मीटर आले, की अनेकांना काडतुसाची पारख झाली असे वाटते. संख्याशास्त्र सांगते की पाच निरीक्षणांवरून खरे विचलन ९५ टक्के खात्रीने ३ ते १४ मीटरांच्या दरम्यान आहे, एवढेच म्हणता येते. दोन भरणींतला दीड-दोन मीटरचा फरक अशा चाचणीत दिसला, तरी त्याला अर्थ नसतो. वीस-तीस गोळ्यांनंतरच चित्र स्पष्ट होऊ लागते.

म्हणून शंका आली की तपासाचा क्रम ठरलेला असावा. आधी बॅटरी, सेन्सरांतले अंतर, यंत्राचा कोन, उजेड आणि नळीपासूनचे अंतर पाहावे. मग ज्याचा वेग ओळखीचा आहे असे कारखान्यातले काडतूस झाडावे. पॉइंट २२चे स्पर्धेचे काडतूस त्यासाठी उत्तम. त्याचाही आकडा ढळला, तर यंत्र दोषी. शक्य असेल तर दोन यंत्रे एकामागे एक लावावीत. अमेरिकेतील ओलर ३५पी या यंत्रात तीन सेन्सर असतात. त्यामुळे प्रत्येक गोळीचे दोन वेग मिळतात आणि ते जुळले नाहीत, तर यंत्र स्वतःच इशारा देते. एवढे करूनही विसंगती उरली, तरच तराजू, प्रायमर आणि पावडरीच्या तापमानाकडे वळावे.

हा क्रम उलटला तर काय होते? वेग कमी दिसतो म्हणून माणूस पावडर वाढवतो. वेग मुळात कमी नसतोच, पण दाब खरोखर वाढतो, नळी फुटू शकते आणि चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो. म्हणून प्रकाशित तक्त्यातली कमाल मर्यादा क्रोनोग्राफच्या आकड्यावर विसंबून कधीच ओलांडायची नसते. आकडा तक्त्यापेक्षा जास्त आला आणि यंत्र खरे निघाले, तर दाबही जास्त आहे असेच धरावे.

आपल्याकडच्या नेमबाजांनाही वेगाचे हे गणित चुकत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. तिथे सेकंदाला साधारण ३२५ मीटर जाणाऱ्या गोळीच्या वेगात एका टक्क्याचा फरक पडला, तर ती सुमारे अडीच मिलिमीटर वर-खाली लागते. म्हणूनच या प्रकारातले खेळाडू कारखान्याच्या काडतुसांचीही गटवार पारख करतात.

अशा कामात नोंदवही यंत्राइतकीच मोलाची. प्रत्येक वेगाशेजारी यंत्राचे अंतर, उजेड, तापमान आणि गोळ्यांची संख्या लिहिलेली असेल, तरच आजच्या आकड्याची पुढच्या महिन्यातल्या आकड्याशी तुलना करता येते. या नोंदी नसतील, तर त्या आकड्यावर पावडरीचा एक कणही वाढवू नये.